छुपा डव्हटेल: एका न दिसणाऱ्या सांध्याची पार्श्वभूमी

सागवानाच्या एखाद्या जुन्या, चांगल्या पेटीचा कोपरा पाहिला तर दोन फळ्या ४५ अंशांत कापून एकमेकींना भिडवलेल्या दिसतात. मधे एक बारीक रेघ, बाकी काही नाही. खिळा नाही, स्क्रू नाही, फळीचे उघडे तोंड, म्हणजे आडवा कापलेला टोकाचा भाग, तोही नाही. नुसता माइटर, म्हणजे असा तिरका काप, केवळ चिकटवून फार काळ तग धरत नाही. फळीच्या तोंडाकडच्या नळ्या सरस पिऊन टाकतात आणि ओढ बसली की कोपरा उघडतो. जो कोपरा दोन-तीन पिढ्या मिटलेला राहतो, त्याच्या पोटात बहुधा दुसरेच काही असते: एका फळीत पाचरीच्या आकाराचे दात, दुसरीत त्यांना नेमक्या बसणाऱ्या खाचा, आणि दोन्हींवर बाहेरून लाकडाचाच पातळ पदर. हाच छुपा डव्हटेल.

नागपुरात अलीकडे काही हौशी मंडळी आणि आयटीआयमधून बाहेर पडलेली काही मुले हाताच्या अवजारांनी हा सांधा घोटताना दिसतात. बाजारात त्याला मागणी नाही. तो जमला म्हणून कोणी मजुरी वाढवून देत नाही, आणि गिऱ्हाइकाला तर तो दिसतही नाही. तरीही तो शिकावासा वाटतो, यामागे मोठा इतिहास आहे. माझे मत असे की हा सांधा फर्निचरने टिकवला नाही, सरावाने टिकवला. आणि सरावासाठी सांधा कापणे ही कल्पना कुठून आली, ती आपल्या भागात कशी पोचली आणि वर्ध्यात तिला कोणते उत्तर मिळाले, हे पाहिल्याशिवाय आजचा हा सराव कळणार नाही.

डव्हटेल स्वतः फार जुना. इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांत आणि लाकडी पेट्यांत तो सापडतो. दाताची टोकाकडची बाजू रुंद आणि मुळाकडची अरुंद, त्यामुळे तो एका दिशेने आत बसतो, पण ओढीच्या दिशेने बाहेर येत नाही. हे तत्त्व दगडातही चालते. दोन चिरे एकमेकांपासून सरकू नयेत म्हणून त्यांच्या सांध्यावर डमरूच्या आकाराची खाच कोरून तीत लोखंडी पकड बसवण्याची रीत आपल्याकडच्या दगडी बांधकामातही होती. म्हणजे आकार सगळ्या जगाचा आहे. तो लपवावा असे वाटायला मात्र वेगवेगळी कारणे घडली.

चीनमध्ये मिंग काळात, म्हणजे १३६८ ते १६४४ या शतकांत, कठीण लाकडाचे जे फर्निचर घडले त्यात सांध्याची खूण बाहेर दिसू नये हा आग्रह होता. लाकडाची नक्षी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर अखंड वाहिली पाहिजे, मधे तोंडाची चौकोनी ठिगळे नकोत. जपानमध्ये खिळ्याशिवाय बारीक पेट्या आणि कपाटे करणाऱ्यांची वेगळी परंपराच आहे, आणि तिच्यातही माइटरखाली दडवलेला डव्हटेल मानाचा समजला जातो. तिथे लपवणे हा सौंदर्याचा भाग होता.

युरोपात मात्र ती गरज होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे फर्निचरवर अक्रोडासारख्या देखण्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हीनिअर, चढवण्याची चाल पडली. साध्या, आरपार डव्हटेलमध्ये दातांची तोंडे समोरच्या बाजूला उघडी पडतात. व्हीनिअर फळीच्या सपाटीवर छान बसते, पण तोंडावर नीट चिकटत नाही. शिवाय हवा बदलली की तोंडाचा भाग आणि सपाटीचा भाग सारखे हलत नाहीत. काही वर्षांत व्हीनिअरवर खालच्या दातांचे ठसे उमटायला लागतात, कुठे फुगवटा, कुठे चीर. म्हणून खणाच्या दर्शनी फळीत दात आरपार न नेता पुढे थोडे लाकूड शिल्लक ठेवू लागले. हा अर्धा छुपा डव्हटेल. जुन्या टेबलाचा खण बाहेर ओढून बाजूने पाहिला तर आजही तो दिसतो.

खणाची एकच बाजू झाकायची असते. पेटीचा कोपरा, कपाटाचा खालचा चौथरा, चहाच्या पत्तीची कुलूपबंद डबी, इथे दोन्ही बाजू लोकांच्या नजरेसमोर. मग दोन्ही फळ्यांवर पदर ठेवणे आले. आधी एक पदर दुसऱ्यावर चढवून, म्हणजे कडेला तोंडाची एक अरुंद पट्टी तेवढी दिसेल असा, आणि मग त्या पट्टीचीही खूण नको म्हणून दोन्ही पदर ४५ अंशांत कापून. अठराव्या शतकात हे तंत्र पूर्णत्वाला पोचले होते. फ्रान्समधल्या आंद्रे-जाकोब रूबोने १७६९ ते १७७४ या काळात सुतारकामाची जी सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली ती या संदर्भात महत्त्वाची, कारण रूबो स्वतः हाताने काम करणारा कारागीर होता. कारागिराच्या हातात बंदिस्त असलेली विद्या अशी चित्रांसह कागदावर उतरली की घराण्याबाहेरच्या माणसालाही तिचा सराव करता येतो. आजच्या हौशी माणसाची वाट तिथून सुरू होते.

हा सांधा कापायला कसा असतो ते थोडे जवळून पाहू. आपल्याकडचे मिस्त्री सुतात मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून तेच माप घेतो. सहा सुती फळी घ्या. दोन्ही फळ्यांची जाडी अगदी सारखी हवी, नाहीतर पुढचे सगळे हिशेब चुकतात. आतल्या बाजूवर तोंडापासून सहा सुतांवर मार्किंग गेजने रेघ मारायची. मग तोंडाकडून दोन सूत रुंद आणि आतल्या बाजूने चार सूत खोल अशी खाच सगळ्या रुंदीभर काढायची. राहतो तो बाहेरचा दोन सुती पदर, पुढे आलेला. दात बसवायला आत उरतो चार सूत लांब, चार सूत खोल एवढाच चौकोन. ताकद सगळी तिथे, शोभा सगळी पदरात.

साध्या डव्हटेलमध्ये टेल, म्हणजे पाचरीच्या आकाराचे दात, आधी कापावेत की पिन, म्हणजे त्यांच्या मधल्या जागेत बसणारे दुसऱ्या फळीचे दात, यावर मिस्त्रींची दोन मते असतात. इथे मतभेदाला जागा नाही, पिनच आधी. टेल आधी कापले तर त्यांच्यावरून पिन आखायला सुरी आत शिरत नाही, पदर आडवा येतो. पिन कापलेली फळी मात्र दुसरीच्या आतल्या बाजूवर उभी करून पिनांच्या कडेने नीट आखता येते. उतार सागवानासारख्या लाकडाला आठास एक ठेवावा, मऊ लाकडाला सहास एक.

खरी परीक्षा करवतीची. पदर समोर असल्यामुळे करवत आडवी, सरळ खाली नेता येत नाही. ती आतल्या कोपऱ्यातून तिरकी चालवायची, पदराला लागण्याआधी थांबायचे. अशा तिरक्या कापात निम्मेच लाकूड सुटते. उरलेला त्रिकोण पटाशीने, रेघेला धरून, थोडा थोडा काढायचा. पटाशीला धार नसेल तर इथे लाकूड चेंगरते आणि रेघ हरवते. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते, त्यामुळे दर थोड्या वेळाने दगडावर जावे लागते. शेवटी पदर आणि वरच्या-खालच्या कडा ४५ अंशांत आणायच्या. त्यासाठी तिरका कापलेला ठोकळा फळीला शिकंज्यात आवळून त्याच्या उतारावरून पटाशी किंवा अरुंद रंधा चालवतात.

आणि मग जोडून पाहायचे. साध्या डव्हटेलमध्ये फट कुठे आहे ते समोर दिसते. इथे बाहेरून एकच रेघ दिसते. ती मिटत नसेल तर कारण आत असते, पण कोणता दात तळाला टेकतोय, कोणती खाच दोन केस उथळ राहिली, हे डोळ्यांना कळत नाही. दातांच्या टोकांना पेन्सिलीचे शिसे लावून सांधा अर्धवट बसवायचा, सोडवायचा, आणि समोरच्या लाकडावर डाग कुठे उमटला ते पाहायचे. आवाजावरूनही कळते. मोगरीचा ठोका बसता बसता एकदम भरीव झाला की काहीतरी टेकले. हे कान तयार होणे म्हणजेच या सांध्याचा सराव.

आता आपल्याकडे वळू. विदर्भातल्या गावचा सुतार हा बलुतेदार. नांगर, वखर, तिफण, रेंगी, दाराची चौकट, पाळणा हे त्याचे काम. त्याचे सांधे कुसूचे, म्हणजे भोकात बसणाऱ्या लाकडी टोकाचे, आणि पाचरीचे. या सांध्याचा मोठा गुण असा की तो दुरुस्त होतो. उन्हाळ्यात लाकूड सुकून सांधा खिळखिळा झाला की पाचर आणखी ठोकायची, नाहीतर नवी घालायची. नांगर शेतात मोडला तर बांधावर बसून वाकसाने नवे कुसू घडवता आले पाहिजे. अशा कामात लपवण्याला काही अर्थ नव्हता. उलट सांधा दिसला पाहिजे, हाताला लागला पाहिजे. छुपा डव्हटेल याच्या नेमका विरुद्ध टोकाला आहे. तो एकदा चिकटवला की पुन्हा आवळता येत नाही आणि न मोडता उघडताही येत नाही. म्हणून गावच्या सुताराला तो येत नव्हता यात कमीपणा शोधणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या कामाची गरजच वेगळी होती.

शहरातले काम निराळे. नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या राजवाड्याचे बांधकाम काळ्या दगडाचे होते आणि त्यावर लाकडी कोरीव काम भरपूर होते. १८६४ मध्ये तो जळाला आणि नगारखान्याचा मोठा दरवाजा तेवढा राहिला. त्या आगीत या शहराच्या सुतारकामाचा सगळ्यात मोठा नमुना गेला. महालातल्या उरलेल्या जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि हस्त पाहिले की तिथली ताकद कोरण्यात आणि मोठ्या लाकडाच्या जोडणीत होती हे कळते. बारीक पेटीकाम हा त्याचा मुख्य प्रांत नव्हता.

पेटीकामाची युरोपीय पद्धत छावण्यांबरोबर आली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या सामानात पितळी कोपरे ठोकलेल्या, दोन भागांत सुटणाऱ्या खणांच्या पेट्या असत. त्या बैलगाडीवर लादल्या जात, म्हणून त्यांचे कोपरे डव्हटेलचे. १८२१ मध्ये वसलेली कामठीची छावणी अशा सामानाच्या वाटेवरच होती. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. १८६३ मध्ये मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजबबंगला, उभे राहिले आणि १८६५ च्या डिसेंबरात शहरात कारागिरी आणि उत्पादनांचे मोठे प्रदर्शन भरले. १८६७ मध्ये रेल्वे आली. कचेऱ्या, बंगले, शाळा, रेल्वेचे डबे, सगळ्यांना टेबले, कपाटे, खण लागू लागले. जमिनीवर बसून पायाच्या बोटांत फळी धरणारा आणि करवत स्वतःकडे ओढणारा कारागीर हळूहळू बाकापाशी उभा राहून करवत पुढे ढकलू लागला.

याच सुमारास जगात दुसरीकडे एक बदल झाला, आणि माझ्या मते छुप्या डव्हटेलच्या इतिहासात तो सगळ्यात निर्णायक आहे. १८६८ मध्ये मॉस्कोच्या शाही तांत्रिक शाळेत व्हिक्टर डेला-व्होस यांनी हस्तकौशल्य शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. तोपर्यंत उमेदवार उस्तादाच्या हाताखाली राहून, गिऱ्हाइकाचे काम करता करता शिकत असे. डेला-व्होस यांनी कामाचे तुकडे पाडले. आधी सरळ कापणे, मग काटकोन, मग साधा सांधा, मग अवघड. प्रत्येक सांधा स्वतंत्र कापायचा, तपासून घ्यायचा आणि पुढच्याकडे जायचे. वस्तू करायचीच नाही. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले, अमेरिकेतल्या तांत्रिक शिक्षणाने ते उचलले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये जो 'जॉब' करावा लागतो, लाकडाच्या दोन तुकड्यांचा लॅप किंवा डव्हटेल जोड, मार्क मिळाले की कोपऱ्यात टाकून द्यायचा, त्याचे मूळ या पद्धतीत आहे.

त्याच काळात स्वीडनमधल्या नेस इथे ऑटो सॉलोमन स्लॉइड नावाची पद्धत घडवत होते. सोप्याकडून अवघडाकडे हा क्रम त्यांनाही मान्य होता. पण मुलाने जे करायचे ते घरात उपयोगी पडणारे हवे, असा त्यांचा आग्रह होता. चमचा, फळी, पेटी, स्टूल. नुसता सांधा कधीच नाही. मूल ज्या वस्तूची वाट पाहते ती करताना त्याचे लक्ष टिकते आणि हात आपोआप तयार होतो, अशी त्यामागची भूमिका.

हे दोन विचार पुढे नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, वर्ध्याला, नव्या रूपात समोर आले. १९३७ च्या ऑक्टोबरात तिथे गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्याच वर्षाअखेर तिचा अहवाल आला. सूतकताई-विणकाम, शेती यांच्याबरोबर सुतारकाम हा मूलोद्योग म्हणून त्यात होता. गांधीजींची अट स्लॉइडपेक्षाही कडक: जे होईल ते विकण्याजोगे हवे, शाळेच्या खर्चाला त्याचा हातभार लागला पाहिजे. मध्य प्रांतात त्या वेळी शिक्षणखाते सांभाळणाऱ्या रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली आणि १९३८ मध्ये वर्ध्यात शिक्षकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. मगनवाडीत तर १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा चालवत होते. अशा वातावरणात टाकून देण्यासाठी सांधा कापणे म्हणजे लाकडाची नासाडीच.

वर्ध्याच्या या शिक्षणपद्धतीचे, म्हणजे नई तालीमचे, पुढे काय झाले तो वेगळा विषय. सुतारकामापुरते सांगायचे तर १९५० मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, आयटीआय उभ्या राहिल्या, १९६१ मध्ये उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा, कायदा आला, आणि या सगळ्यात मॉस्कोची पद्धत जिंकली. सुतारकामाच्या ट्रेडमध्ये सांध्यांची माळ ठरलेली असते. छुपा डव्हटेल या माळेच्या शेवटाकडचा. तो विकण्यासाठी कापत नाहीत, हात कुठवर आला हे पाहण्यासाठी कापतात. फर्निचरमधून तो उठला तरी सरावाच्या माळेत राहिला, आणि म्हणूनच वाचला.

फर्निचरमधून तो उठण्याची कारणे उघड आहेत. अमेरिकेत १८६७ मध्ये नॅपने यंत्राने कापता येणाऱ्या गोल खुंट्यांच्या सांध्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या दशकात कारखाने तो खणांना वापरू लागले. नंतर अर्धा छुपा डव्हटेल कापणारी यंत्रे आली, आज राउटर, म्हणजे फिरत्या पात्याचे यंत्र, आणि साचा घेऊन कोणीही तो कापू शकतो. पूर्ण छुपा मात्र यंत्राला कधी नीट साधला नाही. त्याचे निम्मे काम पटाशीचेच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हस्तकलेचा पुरस्कार करणाऱ्यांनी रुचीच उलटी केली. सांधा उघडा दिसला पाहिजे, तोच प्रामाणिकपणा, असे ते म्हणू लागले. मला यात पूर्ण सत्य वाटत नाही. उघड्या डव्हटेलमध्ये लाकडाचा भुसा आणि सरस घालून फटी बुजवता येतात, आणि कित्येक 'प्रामाणिक' पेट्यांत त्या बुजवलेल्या असतात.

आपल्याकडचा धक्का वेगळा होता. १९५९ मध्ये फेविकॉल आले. त्याआधी जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस चुलीवर पातळ करून गरम गरम लावावा लागे. तो ओलीने सुटतो, म्हणून ताकद सांध्यातच ठेवणे भाग होते. नव्या पांढऱ्या गोंदाने हे ओझे सांध्यावरून काढून घेतले. मग प्लायवुड आणि सनमायका आले. प्लायच्या आडव्या-उभ्या थरांत बारीक दात टिकत नाहीत, तुकडे उडतात, त्यामुळे तिथे खिळा आणि गोंद हाच मार्ग. मॉड्युलर किचनने तर तोही संपवला. एमडीएफला, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीला, छिद्र, त्यात मिनिफिक्स नावाची धातूची पकड, दोन वळसे, झाले. नागपूरच्या नव्या फ्लॅटमध्ये शिरलेल्या मिस्त्रीकडे आज पटाशी असते ती बहुतेक बिजागरीची खाच मारण्यापुरती.

लाकूड मात्र इथेच आहे, आणि देशातल्या उत्तम लाकडांपैकी आहे. आलापल्ली, सिरोंचा, बल्लारशा या पट्ट्यातला साग व्यापारात आजही 'सीपी टीक' म्हणून ओळखला जातो, सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. प्रांत गेला, नाव राहिले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे. २०२३ मध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले. त्याच वर्षी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही ते नागपूरहून गेले, पण फर्निचर घडले मुंबईत. याचा अभिमान बाळगावा तेवढीच याची खंतही वाटावी असे मला वाटते. लाकूड आपले आणि हात दुसऱ्या गावचे, असे व्हायला नको होते.

सरावाला मात्र या शहरासारखी जागा नाही. लकडगंजात आरा मशीनच्या दाराशी चौकटी कापून उरलेले हात-दीड हात तुकडे मिळतात, आणि कोपऱ्याला त्याहून जास्त लागत नाही. तुकडा निवडताना वजनापेक्षा रेषा पाहावी, सरळ रेषांचा हवा. आणि तो घरी आणून काही आठवडे घरच्या हवेत ठेवावा, कारण नागपूरची हवा लाकडाला सोडत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, २०१३ मध्ये तो ४७.९ पर्यंत गेला होता, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली उतरते. ऑगस्टमध्ये तीच ८० च्या पुढे. साग स्थिर लाकूड म्हणून प्रसिद्ध आहे, तरीही ते जाडीत आणि रुंदीत हलते, लांबीत जवळपास नाही. डव्हटेलला याचा त्रास नाही, कारण कोपऱ्याच्या दोन्ही फळ्या रुंदीत सारख्याच फुगतात आणि आक्रसतात. त्रास माइटरला. जाडी वाढली की ४५ चा कोन बिघडतो आणि तोंड बाहेरून उघडते. जाडी घटली की आतून उघडते.

म्हणजे मे महिन्यात अगदी सुक्या लाकडात कापलेला छुपा डव्हटेल पहिल्याच पावसाळ्यात बाहेरच्या रेघेला फट दाखवण्याची शक्यता जास्त. भर पावसाळ्यात कापलेला उन्हाळ्यात उघडेल तो आत, जिथे नजर जात नाही. पण सगळ्यात बरा काळ दिवाळीनंतर होळीपर्यंतचा. हवा मधली असते, लाकूडही मधल्या अवस्थेत असते. इतवारीत देव्हारे करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या दुकानात मी हे पाहिले. कोपऱ्याच्या रेघेवरून त्यांनी अंगठ्याचे नख वरून खाली नेले, एका जागी थांबले, पुन्हा नेले.

"काका, बंद आहे ना?" मी विचारले.

"आज बंदच दिसन भाऊ. पाणी पडून गेलं का मंग या पाहाले," ते म्हणाले, आणि देव्हारा फडक्याने पुसून भिंतीशी ठेवला.

त्या देव्हाऱ्याचा चौथरा माझ्या डोक्यात बसला आहे. दोन्ही बाजू समोर, वजन वरून, कोपरा रोज पुसला जाणार. अठराव्या शतकातल्या युरोपात कपाटाच्या चौथऱ्याला जी गरज होती, नेमकी तीच. मॉस्को आणि वर्धा यांच्यातल्या वादात मी वर्ध्याच्या बाजूचा आहे, पण अर्धा. पहिले काही कोपरे टाकून देण्यासाठीच कापावेत, कारण पिन-टेलची आखणी हाताला वळायला वेळ लागतो. त्यापुढे मात्र वस्तू करावी. एका पेटीला चार कोपरे असतात, चारही एकाच वेळी मिटले पाहिजेत, आणि तीन चांगल्या कोपऱ्यांच्या भरवशावर चौथा सोडून देता येत नाही. सुट्या तुकड्यावर ही सक्ती कधी येत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि पुढे पंधरा दिवसांचे प्रगत. योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाला. पंधरा हजारांत चांगल्या पोलादाच्या तीन पटाश्या, बारीक दातांची करवत, गेज, गुण्या आणि धारेचा दगड आरामात येतात. छुप्या डव्हटेलला याहून जास्त काही लागत नाही. दिवस मात्र पाच-सात पुरत नाहीत. क्रमाने जायचे तर आधी आरपार डव्हटेल, मग खणाचा अर्धा छुपा, मग दोन्हीकडे पदर ठेवलेला पण माइटर नसलेला, आणि तो बाहेरून-आतून बसायला लागला की सहा सुती फळीत पूर्ण छुपा. पहिल्या कोपऱ्याला पदर दोन सुतांऐवजी अडीच ठेवला तर पटाशी चुकून आरपार जाण्याची भीती कमी होते. दात तेवढे आखूड होतात, पण चौथऱ्याच्या ओझ्याला ते पुरतात.